कायक : कायेने करायची पूजा

गेल्या वर्षी स्मरणिकेच्या संपादकांनी लेख मागितला, तेव्हा वेळ नाही असे सांगून मी सुटलो होतो. यंदा त्यांनी गणपतीच्या दोन महिने आधीच गाठले आणि "रेल्वेतले अनुभव लिहा, लोकांना आवडतात" असे सुचवलेही. अनुभव मी एकच लिहिणार आहे, आणि तो मला फारसा भूषणावह नाही. बाकीचा लेख आहे तो बाराव्या शतकातल्या काही माणसांविषयी. ती माणसे ज्या मुलखात वावरली, त्याच मुलखात आपण नोकरीनिमित्त येऊन राहिलो. आपल्यापैकी कित्येकांची मुले हुबळीतच जन्मली, कन्नड बोलतात, आपल्यापेक्षा चांगली बोलतात. तरी बसव जयंती म्हणजे शाळेला सुट्टी, यापलीकडे आपल्याला फारसे ठाऊक नसते. मलाही तिशी उलटेपर्यंत नव्हते. मी इतिहासाचा अभ्यासक नाही, स्थापत्याचा डिप्लोमा करून रुळांच्या देखभालीत आयुष्य गेलेला माणूस आहे. लिहिण्यात काही कमी-जास्त झाले तर जाणकारांनी सांभाळून घ्यावे.

आधी अनुभव सांगून टाकतो.

सुमारे पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा ज्युनियर इंजिनिअर होतो. माझ्या सेक्शनमध्ये काळ्या मातीचा एक उंच भराव होता. ज्यांनी काळ्या मातीत काम केले आहे त्यांना तिचा स्वभाव सांगायला नको. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसात ती फुगते, आणि एकदा पाणी धरले की खालून सरकते. त्या भरावाच्या पायथ्याशी पाणी साचते आहे, कडेला भेग दिसते आहे, असे रात्रीच्या पावसाळी गस्तीवरच्या एका पेट्रोलमनने मला सांगितले होते. नुसते सांगितले नाही, ट्रॉली थांबवून, खाली उतरवून दाखवले होते. मी डायरीत लिहून घेतले : पाण्याला वाट करून देणे, पायथ्याशी दगड व वाळूच्या पिशव्या रचणे. काम दोन दिवसांचे होते. पण गणेश चतुर्थी तोंडावर आली होती, त्या वर्षी वर्गणीचा हिशोब आणि मांडवाची जबाबदारी माझ्याकडे होती, आणि मी मनाशी ठरवले की गणपती बसले की लगेच हात घालू.

चतुर्थीच्या रात्री पाऊस कोसळला. मी आरतीला उभा होतो. त्याच वेळी तो पेट्रोलमन आपल्या बीटवर चालत होता आणि त्या भरावापाशी त्याच्या दिव्याच्या उजेडात रूळ लोंबलेला दिसला, खालची माती निघून गेली होती. एकेरी मार्ग, गाडी कोणत्याही बाजूने येऊ शकते, माणूस एकटा. स्टेशनवर वही सही करून घेताना कोणत्या बाजूने मालगाडी यायची आहे हे त्याने विचारून ठेवले होते. त्या बाजूला तो पळाला. नियम असा की ६०० मीटरवर रुळावर एक आवाजी फटाका बांधायचा आणि १२०० मीटरवर दहा-दहा मीटर अंतराने तीन. कागदावर हे एका ओळीत मावते. चिखलात, खडीवरून, अंधारात, पन्नाशीच्या माणसाने बाराशे मीटर पळणे ही वेगळी गोष्ट आहे. गाडी थांबली. मग तो तसाच उलट दुसऱ्या बाजूला गेला.

मी पहाटे पोचलो तेव्हा तो फाटकाच्या झोपडीत होता. आंघोळ करून, कोरडे धोतर नेसून बसला होता. गळ्यातल्या वस्त्राची गाठ सोडून त्यातले काळे, गुळगुळीत इष्टलिंग त्याने डाव्या तळहातावर घेतले आणि पाहत राहिला. दहा मिनिटे. मी बाहेर छत्री धरून उभा. मला वाटत होते, आता हा काहीतरी बोलेल. पूजा आटोपून त्याने चहा ठेवला आणि एवढेच म्हणाला, "साहेब, ती जागा मी तुम्हाला दाखवली होती." आणि मग दिव्याची बॅटरी किती लवकर उतरते याची तक्रार केली.

चौकशीच्या अहवालात कारण अतिवृष्टी असे आले. ते खोटे नव्हते. माझ्या डायरीतली ओळ कोणी पाहिली नाही.

त्या पेट्रोलमनला रोख बक्षीस मिळाले, ते त्याने आनंदाने घेतले आणि मुलीला सायकल आणली. पुढे ज्या गोष्टी सांगणार आहे त्यांच्याशी हे तितकेसे जुळत नाही, पण घडले तसे सांगितले पाहिजे. मला मात्र एक प्रश्न चिकटला. त्या रात्री आम्ही दोघेही देवाच्या कामात होतो असे म्हणायचे की नाही? आणि म्हणायचे असेल तर कोण अधिक? ऑफिसातल्या एका वयस्क कन्नड सहकाऱ्यांना, ज्यांना आम्ही सगळे मास्तर म्हणायचो, हे बोलून दाखवले. त्यांनी भिंतीकडे बोट दाखवले. तिथे आपल्या सगळ्या शेडमध्ये आणि कचेऱ्यांत असते तशी 'कर्म हीच पूजा' अशा अर्थाची पाटी होती. म्हणाले, "ही पाटी ज्यांच्यामुळे इथे आली, त्यांनी ती इतकी स्वस्तात दिली नव्हती."

तिथून माझे वाचन सुरू झाले.

सोलापूरहून हुबळीला गाडीने येताना होटगी सोडले की भीमा लागते, पुढे विजयपूर, मग बसवन बागेवाडी रोड नावाचे एक स्टेशन, मग अलमट्टीला कृष्णा, बागलकोट, बदामी, गदग आणि आपण घरी. दिवाळीला गावी जाताना हा रस्ता आपण किती वेळा केला असेल! या एका मार्गाच्या आजूबाजूला ती सगळी कथा पसरलेली आहे. बागेवाडीला एका ब्राह्मण कुटुंबात बसवण्णा जन्मले. सालाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, ११०५ पासून ११३४ पर्यंत निरनिराळी साले सांगितली जातात. मुंज नाकारून ते घराबाहेर पडले आणि कृष्णा-मलप्रभेच्या संगमावर, कूडलसंगमला, शिकायला राहिले. तिथून नोकरीसाठी गेले ते मंगळवेढ्याला. होय, आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याला. कल्याणीच्या चालुक्यांचा मांडलिक कलचुरी बिज्जल तेव्हा तिथे होता आणि बसवण्णा त्याच्याकडे हिशोबनीस म्हणून लागले. पुढे बिज्जलाने चालुक्यांची गादीच घेतली. राजधानी कल्याण, म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण, आणि बसवण्णा तिथे राज्याचे भांडारी, खजिनदार झाले. खजिना आपल्या माणसांवर उधळतात असा त्यांच्यावर आरोप झाला आणि हिशोब तपासला तेव्हा तो बरोबर निघाला, अशी कथा आहे. मंडळाचा हिशोब सांभाळणाऱ्यांना ही कथा विशेष आवडावी.

कल्याणला त्यांच्याभोवती जी माणसे जमली त्यांची नावे हाक मारल्यासारखी आहेत, कारण नावापुढे धंदा आहे. मडिवाळ माचय्या परीट. अंबिगर चौडय्या नावाडी. मेदार केतय्या बुरूड. डोहर कक्कय्या कातडी कमावणारा. नुलिय चंदय्या दोरखंड वळणारा. हडपद अप्पण्णा न्हावी समाजातला, बसवण्णांच्या अगदी जवळचा. हरळय्या चांभार. स्त्रियाही तीसहून अधिक, त्यांत सूत कातणारी आहे, झाडणारी आहे. ही माणसे 'अनुभव मंटप' या सभेत बसून चर्चा करीत आणि साध्या बोलीभाषेत वचने रचत. अध्यक्षस्थानी अल्लमप्रभू, पूर्वायुष्यात मृदंग वाजवणारे. संस्कृत येणे ही अट नव्हती. अट एकच होती, ती म्हणजे काम. प्रत्येकाला स्वतःच्या देहाने करायचे काही काम असलेच पाहिजे. याला त्यांनी नाव दिले 'कायक'. शब्दात काया आहे. जे कायेने होते ते कायक.

इथे थोडे थांबतो, कारण मुख्य मुद्दा इथेच आहे आणि मला तो समजायला वेळ लागला.

त्या काळी देव भेटायचा तो देवळात, आणि देऊळ बांधायला पैसा लागायचा, आत जायला जात लागायची. शरणांनी (या मंडळींना शरण म्हणतात) लिंग देवळातून काढून माणसाच्या अंगावर आणले. इष्टलिंग गळ्यात, पूजेला तळहात. ज्याला देऊळ बांधणे परवडत नाही त्याने आपले शरीर हेच देऊळ समजावे, असा बसवण्णांचा सांगावा. आता देहच देऊळ झाला की प्रश्न येतो, हा देह दिवसभर काय करतो? सकाळी दहा मिनिटे पूजा आणि उरलेला दिवस लबाडी, असे करता येणार नाही, कारण देव बरोबरच आहे. तुम्ही कपडे धुता तेव्हा आहे, दोर वळता तेव्हा आहे. म्हणून हातातल्या कामाचाच दर्जा पूजेचा झाला. त्यांच्या विचारात स्थावर आणि जंगम अशी एक जोडी येते, स्थिर आणि चालते. देऊळ स्थावर, माणूस जंगम, आणि टिकते ते जंगम. आम्हा रेल्वेवाल्यांना यात एक गंमत दिसते. आम्ही रुळांच्या मार्गाला 'पर्मनंट वे' म्हणतो. प्रत्यक्षात त्याच्याइतके अशाश्वत काही नाही. रोज कोणीतरी त्यावरून पायी चालत जाते, म्हणून तो पर्मनंट राहतो.

पण काम म्हणजे पूजा, एवढे म्हटले की पाटी झाली. मास्तर म्हणाले ती महागाई पुढे आहे, आणि ती त्यांच्या गोष्टींतून कळते.

आयदक्की मारय्या आणि लक्कम्मा हे रायचूरकडच्या अमरेश्वरहून आलेले जोडपे. मारय्यांचे कायक असे की बसवण्णांच्या वाड्याच्या अंगणात सांडलेले तांदूळ वेचायचे. तेवढ्यावर घर चालायचे आणि त्यातूनच जंगमांना, पाहुण्यांना जेवू घालायचे. एकदा बसवण्णांनी मुद्दाम जास्त तांदूळ सांडून ठेवले. मारय्या खूश होऊन पदर भरून घरी आले. लक्कम्मेने ओटी पाहिली आणि विचारले, आज इतके कसे? रोजच्यापुरते ठेवा आणि उरलेले जिथून आणले तिथे टाकून या. हा हव्यास आपल्याकडे कुठून आला? मारय्या परत गेले. दुसरी गोष्ट याच जोडप्याची. मारय्या अनुभव मंटपात अल्लमांशी तत्त्वचर्चा करीत बसले, विषय कायकाचे महत्त्व हाच, आणि चर्चेच्या भरात तांदूळ वेचायची वेळ टळून गेली. लक्कम्मा तिथे येऊन म्हणाली की तुमचे कायक राहिले आहे, उठा. (आमच्या घरी ही गोष्ट वाचून दाखवल्यापासून रविवारी दुपारी मंडळाची बैठक लांबली की मला एक विशिष्ट फोन येतो.)

म्हणजे पहिली अट, पुरेल इतकेच घ्यायचे. दुसरी, मिळवले ते वाटायचे, याला त्यांनी 'दासोह' म्हटले. आणि कामाबद्दल कितीही सुंदर बोलणे हे काम नव्हे.

नुलिय चंदय्यांची गोष्ट तर ऐकणाऱ्याला बुचकळ्यात टाकते. ते तळ्याकाठी दोरासाठी गवत कापत होते. वाकले असताना गळ्यातले लिंग पाण्यात पडले. लिंगधारी माणसाचे लिंग हरवणे याहून मोठे संकट नाही. चंदय्यांनी गवताचा भारा बांधला आणि चालू लागले. कथा सांगते की लिंगच मागे लागले, मला परत गळ्यात घे म्हणून. चंदय्या ऐकेनात. दोर वळायचे आहेत, विकायचे आहेत, पाहुणे जेवायचे आहेत. शेवटी मडिवाळ माचय्यांनी मध्यस्थी केली, आणि परंपरेत पुढे असेही सांगतात की लिंगाला आधी दोर विकायच्या कामाला लावले, मग स्वीकारले. देवालासुद्धा कायक चुकले नाही.

या कथा जिथे आपल्याला मिळतात तो 'शून्यसंपादने' हा ग्रंथ पंधराव्या शतकातला, म्हणजे घटनांनंतर जवळजवळ तीनशे वर्षांचा. तेव्हा त्यांना पंचनामा समजू नये. पण एखादा समाज तीनशे वर्षे कोणत्या गोष्टी जपतो, हाही इतिहासच आहे.

आता सोलापूरकरांची गोष्ट. आपल्या मंडळात सोलापूरकर बरेच आहेत आणि गड्ड्याची यात्रा त्यांच्यासाठी काय असते ते आपण दर संक्रांतीला ऐकतो. नंदीध्वजांच्या उंच काठ्या, अक्षता सोहळा, अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा. ते सिद्धरामेश्वर याच मंडळींपैकी एक, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत जवळचे, कारण ते आमच्या धंद्यातले! सोन्नलिगे म्हणजे आजचे सोलापूर. लहानपणी गुरे राखणारा हा मुलगा, श्रीशैलाच्या मल्लिकार्जुनाचा भक्त. त्याने गावात शिवालये उभारली, लिंगे स्थापली, अन्नछत्रे घातली आणि तळे खोदले. सिद्धेश्वर मंदिर ज्या तळ्यात उभे आहे ते तळे. दुष्काळी मुलखात पाण्याचे काम, हजारो हात कामाला लागलेले. याहून मोठी सेवा काय असणार, असे कोणीही म्हणेल.

कथा अशी की अल्लमप्रभू तिथे आले आणि तळ्याच्या काठावर उभे राहून कामकऱ्यांना विचारू लागले, तुमचा तो माती खणणारा राम कुठे आहे? 'ओड्डराम' असा शब्द त्यांनी वापरला. ओड्ड म्हणजे दगडमातीचे काम करणारी जमात, आपल्याकडचे वडार. आपल्या योगी गुरूला असे हिणवून बोलल्यावर कामकरी चिडले आणि त्यांनी अल्लमांवर दगडांचा वर्षाव केला. अल्लमांना काही झाले नाही. सिद्धराम धावत आले, तेही संतापले, त्यांच्या तिसऱ्या डोळ्यातून आग निघाली म्हणतात. अल्लमांनी ती शांत केली आणि मग विचारले ते असे की, एवढी तळी खोदलीस, देवळे बांधलीस, पण 'हे मी केले' हे आतून गेले का? बाहेरच्या लिंगांची मोजदाद झाली, आतले पाहिलेस का? सिद्धराम त्यांच्याबरोबर कल्याणला गेले आणि चन्नबसवण्णांकडून त्यांनी इष्टलिंगाची दीक्षा घेतली. पुढे पुन्हा सोलापुरास आले. त्यांची समाधी तळ्यातल्या मंदिरातच आहे.

मला ही कथा प्रथम वाचली तेव्हा आवडली नव्हती. बसून चर्चा करणाऱ्याने खणणाऱ्याला उपदेश करावा, हे डिप्लोमावाल्याला कसे रुचेल? साइटवर राबायचे आम्ही आणि शेरा मारायचा वरच्यांनी, हे रोजचे आहे! पण लक्षात घ्या, अल्लमांनी तळे बुजवायला सांगितले नाही. ते तळे आजही सोलापुरात आहे. त्यांची तक्रार मातीच्या कामाविरुद्ध नव्हती. काम करणाऱ्याचे लक्ष कुठे आहे, एवढेच ते विचारत होते. आणि ज्या ओड्ड शब्दाने कथेत भांडण झाले, ते वडार, भोवी लोक आज सिद्धरामेश्वरांना आपला गुरू मानतात. हिणवलेला शब्द त्यांनी मानाने धरून ठेवला. माझ्या भरावाच्या गोष्टीत मला नेमके हेच बोचते. मी आळशी नव्हतो, त्या आठवड्यात सर्वांत जास्त धावपळ मीच केली असेन. मांडव उत्तम झाला होता, सर्वांनी पाठ थोपटली. लक्ष तिथे होते.

कल्याणचा शेवट वाईट झाला. सगळे व्यवसाय सारखे आणि सगळ्यांच्या गळ्यात सारखेच लिंग, हे बोलण्यात होते तोवर चालून गेले. मग हरळय्या चांभाराचा मुलगा आणि पूर्वी ब्राह्मण असलेल्या मधुवरसाची मुलगी यांचे लग्न झाले. देहांच्या पातळीवर समता आल्याबरोबर राज्य हादरले. हरळय्या आणि मधुवरस दोघांनाही बिज्जलाने क्रूरपणे मारवले. कोणी म्हणतात हत्तीच्या पायी देऊन. त्यानंतर ११६७-६८ च्या सुमारास बिज्जलाचा खून झाला, कल्याणात हाहाकार माजला आणि शरण चारी दिशांना पांगले. बसवण्णा त्याआधीच कूडलसंगमला परतले होते, तिथेच त्यांचा अंत झाला. चन्नबसवण्णा आणि बसवण्णांची बहीण अक्क नागम्मा यांच्याबरोबर एक तुकडी वचनांचे गठ्ठे घेऊन पश्चिमेला जंगलात गेली. उळवीला चन्नबसवण्णांची समाधी आहे. इथून धारवाडवरून यात्रेला बैलगाड्या जातात, त्या आपण पाहतोच.

ती ताडपत्रे पुढे शतकानुशतके मठांत आणि घरांच्या माळ्यावर पडून होती. त्यांना उजेड दाखवला तो धारवाडात १८८० मध्ये जन्मलेल्या फ. गु. हळकट्टी या वकिलांनी. विजयपुरात वकिली चांगली चालली असती. ती सोडून हा माणूस गावोगाव फिरून ताडपत्रे गोळा करत राहिला. १९२३ साली 'वचनशास्त्रसार' प्रसिद्ध झाले. छापखान्यासाठी राहते घर विकले, 'हितचिंतक' नावाचा छापखाना काढला, १९२६ पासून 'शिवानुभव' हे नियतकालिक चालवले. १९६४ मध्ये गेले ते भाड्याच्या घरात. आज कर्नाटक सरकारने बसवण्णांना राज्याचे सांस्कृतिक नायक म्हणून घोषित केले आहे (२०२४), बसवकल्याणला नव्या अनुभव मंटपाचे भव्य काम निघाले आहे. या सगळ्याच्या तळाशी हळकट्टींचे विकलेले घर आहे. मास्तर तर म्हणायचे, शरणांनंतर खरे कायक कोणी केले असेल तर या वकिलाने.

आपल्याला सावता माळी आणि गोरा कुंभार लहानपणापासून माहीत आहेत, त्यामुळे कायकाचा विचार परका वाटत नाही. कोणी कोणाकडून घेतले, या वादात मला शिरायचे नाही, सीमावाद आधीच एक आहे तो पुरे. मराठीतही वीरशैव परंपरा आहेच. बीड जिल्ह्यातल्या कपिलधारचे मन्मथस्वामी मराठीत लिहिणारे. पण एक गाव माझ्या मनातून जात नाही, ते मंगळवेढे. बसवण्णांनी जिथे हिशोबाच्या वह्या लिहिल्या, त्याच गावात पावणेदोनशे वर्षांनी, १३३८ मध्ये, गावकुसाची भिंत बांधताना ती कोसळली आणि कामावरचे मजूर दबून मेले. त्यात चोखोबा होते. नामदेव तिथे गेले, ढिगाऱ्यातल्या हाडांतून ज्या हाडांत विठ्ठलाचा नाद ऐकू आला ती निवडून पंढरीला आणली आणि महाद्वारात समाधी बांधली. ज्या माणसाला देवळात पाऊल ठेवू दिले नाही, त्याची भक्ती शेवटी हाडांवरून ओळखली गेली. लहानपणी कीर्तनात ही कथा ऐकताना मला तो चमत्कार वाटायचा. आता बांधकामातला अपघातही दिसतो. ती भिंत कोणाच्या देखरेखीखाली होती, पाया कोणी पाहिला होता, कोणी आधी सांगितले होते का, असे प्रश्न पडतात. भराव प्रकरणानंतर पडू लागले आहेत.

कूडलसंगमला एकदा जरूर जावे. नारायणपूर धरणाचे पाणी तिथवर येते, म्हणून बसवण्णांच्या ऐक्यस्थळाभोवती मोठ्या विहिरीसारखी गोल भिंत बांधून ती जागा राखली आहे. पायऱ्या उतरून खाली जायचे, बाहेर चहूबाजूंनी कृष्णेचे पाणी. कामाच्या दृष्टीनेही पाहण्यासारखे आहे. मी गेलो तेव्हा ओल कुठून येते का म्हणून भिंतीवरून हात फिरवत चाललो होतो. बायको म्हणाली, आधी नमस्कार तरी करा.

तो पेट्रोलमन निवृत्त झाला, गावी शेती करतो. आता गस्तीवरच्या लोकांच्या कमरेला जीपीएसचे यंत्र असते, कोण कुठवर चालले ते कचेरीत बसून दिसते. चालावे मात्र अजून पायांनीच लागते. चतुर्थीची रात्र पावसाळी गस्तीच्या दिवसांतच येते. तेव्हापासून त्या रात्री मी मांडवात नसतो, कोणत्या तरी एका बीटवर पेट्रोलमनच्या बरोबर चालतो. काही सभासदांनी याबद्दल नाराजी व्यक्त केल्याचे कानावर आले, म्हणून हा सगळा खुलासा. दुसऱ्या दिवशीच्या आरतीला मी हजर असतो, आणि वर्गणी वेळेवर देतो, याची खजिनदारांनी कृपया नोंद घ्यावी.